रिपोर्ट नॉर्मल, तरी चक्कर आणि पायांवर सूज: घरी आणि डॉक्टरांकडे काय करायचं

अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. चार वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसले आणि दोन झोके होत नाहीत तोच अंगण गरगरलं. आईने धरलं, "काय व्हयनं वं माय?" म्हणत पाणी पाजलं. ऊन लागलं असेल म्हणून तेव्हा सोडून दिलं. पण चक्कर येतच राहिली. पावसाळा लागेपर्यंत संध्याकाळी चपला घट्ट व्हायला लागल्या, मोज्यांचा वळ रात्रीपर्यंत घोट्यावर दिसायचा. मग रक्त, लघवी, ईसीजी, टूडी इको, पोटाची सोनोग्राफी, मेंदूचा एमआरआय असं सगळं झालं आणि सगळं नॉर्मल निघालं. एका तज्ज्ञांनी फाईल मिटून सांगितलं, "काही नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." मी बाहेर आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले, कारण पायऱ्या हलत होत्या.

मी डॉक्टर नाही. पण या चार वर्षांत एक गोष्ट मला फार उशिरा उमजली, ती तुम्हाला लवकर उमजावी असं मनापासून वाटतं. माझा ईसीजी, इको, सोनोग्राफी, एमआरआय हे सगळं मला आडवं झोपवून झालं होतं. त्रास मात्र मला उभं राहिल्यावर, वळल्यावर, दिवसभर वर्गात उभं राहून शिकवल्यावर व्हायचा. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ इतकाच, की ज्या आजारांचा शोध घेतला ते सापडले नाहीत. तेही मोठं आहे. किडनी, यकृत, हृदय धड आहे, मेंदूत गाठ नाही, हे कळणं काही थोडं नाही. पण उभं शरीर कसं वागतं, ही तपासणी अजून झालेलीच नसते. ती बरीचशी आपल्याला घरी करता येते.

आधी हे बघा: घरी थांबायचं नाही असे प्रसंग

चक्करेसोबत तोंड वाकडं झालं, एका हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसायला लागले, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर १०८ ला फोन करा. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. चोपडा, शिरपूर, रावेरच्या आतल्या गावांतून मोठं रुग्णालय गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो, म्हणून "सकाळी बघू" नको. मेंदूच्या मागच्या भागातल्या लकव्यात पहिल्या एक-दोन दिवसांतला एमआरआयसुद्धा कधी कधी नॉर्मल येतो, हेही लक्षात असू द्या.

काम करताना शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, आडवं पडल्यावर दम लागणं, अचानक एका कानाने ऐकू न येणं, काळी शी होणं, यातलं काही झालं तर लगेच डॉक्टर. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत गुठळी असू शकते. तिथे तेल लावून चोळायचं नाही. ओठ-जीभ सुजली तर लगेच दवाखाना. गरोदर बाईच्या चेहऱ्या-हातांवर सूज आली आणि डोकं दुखत असेल, तर "या दिवसांत सुजतंच" म्हणणाऱ्या थोरल्यांचं त्या एका वेळी ऐकू नका, बीपी मोजून घ्या.

"चक्कर येते" हे पुरेसं नाही

डॉक्टरांसमोर आपण "चक्कर येते" म्हणतो आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, गरगरणं. घर फिरतं, आढं फिरतं. कुशीवर वळलं, वर माळ्यावरचा डबा बघितला, केस धुताना मान मागे टाकली की फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. कानाच्या आतल्या भागात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असं होतं. बीपीपीव्ही म्हणतात त्याला. रक्तात ते दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ तुम्हाला बसल्या जागेवरून एका कुशीकडे मान वळवून झटकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात, त्या डिक्स-हॉलपाईक तपासणीत ते दिसतं. त्याच टेबलावर एपली पद्धतीने डोकं क्रमाने वळवून खडे परत जागेवर नेता येतात. माझी निम्मी चक्कर अशी गेली, एका दुपारी, गोळीशिवाय. त्याआधी सव्वा वर्ष मी चक्करेच्या गोळ्या खात होते, आणि मला कोणी एकदाही असं आडवं करून बघितलं नव्हतं. मोबाईलवर बघून हे स्वतः करू नका. कोणता कान, कोणती नळी, हे ठरल्याशिवाय डोकं वळवलं तर खडे दुसऱ्याच नळीत जाऊ शकतात.

दुसरी, अंधारी. उठलं की डोळ्यांपुढे काळं येतं, कान बधिर होतात, बसलं की बरं वाटतं. हा रक्तदाबाचा किंवा नाडीचा खेळ असतो.

तिसरी, तोल. काही फिरत नाही, पण होडीत उभं असल्यासारखं वाटतं. गर्दीच्या आठवडी बाजारात, मॉलच्या चकचकीत फरशीवर, मोबाईल वर-खाली सरकवताना वाढतं. हिच्याबद्दल पुढे लिहिते.

अर्धशिशीचाही चक्करेशी संबंध असतो. त्यात दर वेळी डोकं दुखेलच असं नाही. उजेड, आवाज, वास सहन होत नाही आणि चक्कर काही मिनिटांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत टिकते. आई-मावशीला अर्धशिशी होती का, हे डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा.

दोन आठवड्यांची वही

शंभर पानी वही घ्या. मी मुलांच्या गृहपाठासारखी रोज लिहायचे. चक्कर आली की चार गोष्टी: किती वाजता, त्या क्षणी काय करत होते (उठत होते, वाकले होते, उभी होते, उपाशी होते), किती वेळ टिकली, वरच्या तिन्हींपैकी कोणती. बायकांनी पाळीचा कितवा दिवस तेही लिहायचं. झटका चालू असताना घरातल्या कोणाला तरी तुमच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढायला सांगा. बुबुळं थरथरत असतील तर तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तज्ज्ञांना फार काही सांगून जातो.

मग आडवं-उभं मापन. हाच या लेखाचा गाभा समजा. दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र घरी नसेल तर आशाताईंना विचारा, नाहीतर उपकेंद्रात जाऊन करा. सकाळी, जेवणाआधी, पाच मिनिटं शांत आडवं पडायचं. बीपी आणि नाडी लिहायची. मग उभं राहायचं, भिंतीला न टेकता, पण शेजारी माणूस हवाच. एका मिनिटाला मोजा, तीन मिनिटांना मोजा, जमलं तर दहाव्या मिनिटापर्यंत उभं राहून नाडी पुन्हा मोजा. फार गरगरलं तर लगेच बसा, तिथेच मापन संपलं. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर उभं राहिल्यावर बीपी पडतं हे कागदावर आलं. बीपी तसंच राहिलं पण नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली, तर तोही वेगळा आजार असू शकतो. तरुण मुलींत तो दिसतो आणि "अशक्तपणा" म्हणून सोडून दिला जातो. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, पाच-सहा दिवसांचे घ्या.

सुजेसाठी: नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा राहतो का? दोन्ही पायांवर सारखा? शिवणकामाच्या टेपने घोट्यापासून १० सेंटिमीटर वर घेर मोजा, सकाळी आणि रात्री, त्याच जागी. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. तीन दिवसांत वजन दोन किलोने चढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. सकाळी पाय उतरलेले आणि संध्याकाळी भरलेले असतील तर उभं राहणं, शिरा, उष्णता, औषधं इकडे बोट जातं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखालीच सूज असेल तर लघवीतल्या प्रथिनांची तपासणी पुन्हा करायला सांगा. पाय सुजतो पण दाबून खड्डा पडत नाही, कातडी जाड झाली आहे, असं असेल तर थायरॉईड आणि हत्तीरोग हे दोन्ही विचारून घ्या. हत्तीरोगाचा रक्तनमुना पारंपरिक पद्धतीत रात्री घेतात, दिवसा घेतलेला नॉर्मल येऊ शकतो.

औषधांची पिशवी उलटी करा

घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका ताटात काढा. दुखलं की मेडिकलवरून आणतो त्याही.

बीपीसाठी अॅम्लोडिपिन फार जणांना चालू असतं. चांगलं औषध आहे, पण घोट्यांवर सूज आणणं हा त्याचा ठरलेला गुण. बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, अंगात पाणी जास्त झालेलं नसतं. मग पायांची सूज बघून कोणी लघवीची गोळी देतं. तिने सूज फारशी उतरत नाही, पाणी आणि क्षार मात्र जातात, आणि उभं राहिलं की अंधारी. मग चक्करेची तिसरी गोळी. माझं नेमकं हेच झालं होतं: तीन गोळ्या, आणि दुसरीची गरज पहिलीने, तिसरीची गरज दुसरीने तयार केलेली. वही बघून एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत ही साखळी ओळखली.

सूज आणणारी आणखी औषधं: डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन ही साखरेची गोळी, नसांच्या दुखण्यासाठीचं प्रीगॅबॅलिन, स्टिरॉईड. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं असू शकतं. पुडीने जादूसारखा आराम पडत असेल आणि चेहरा गोल होत असेल तर तिची शंका घ्या. चक्कर आणणारी: प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, झोपेच्या गोळ्या, प्रीगॅबॅलिन इथेही. आणि चक्कर थांबवणारी सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं झटक्यापुरती काही दिवस ठीक, पण महिनोन्‌महिने खाल्ली तर मेंदूला तोल परत शिकायला अडथळा होतो आणि वयस्कर माणसांत हातापायांना कंप सुटू शकतो.

ताटातलं एकही औषध मनाने बंद करू नका. बीपीची, फिटची, मनाची औषधं अचानक सोडणं धोक्याचं. ताटाचा फोटो काढा आणि विचारा, "यातलं कोणतं सूज आणतं, कोणतं चक्कर आणतं, आणि त्याला पर्याय आहे का?"

मीठ, पाणी आणि आपला उन्हाळा

इथे मी स्वतः फार गोंधळले होते. अंधारीसाठी एक जण म्हणे मीठ वाढवा, सुजेसाठी दुसरे म्हणत बंद करा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणूनच आडवं-उभं मापन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मिठाचा निर्णय घेऊ नका. बीपी जास्त असेल, हृदय किंवा किडनीचा काही इतिहास असेल, तर जास्त मीठ घातक.

आपल्या ताटातलं मीठ दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. शेवभाजीतली शेव, सोबतचा पापड, बिबडे, लोणचं, ठेचा यांतच तो चमचा भरतो. पापडखारातही सोडियम असतं. मी शेवभाजी सोडली नाही, पण ज्या दिवशी ती, त्या दिवशी पापड-लोणचं नाही. कळण्याच्या भाकरीसोबत भरीत असेल तर वरून मीठ घेत नाही.

सलाईनबद्दलही सांगते. आपल्याकडे "अशक्तपणा आहे, एक बाटली लावा" असं सहज म्हणतात. साध्या नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलेल्या माणसाला ती वाचवते. सुजलेल्या पायांच्या माणसाला ती आणखी सुजवू शकते.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. उष्णतेत कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी पडतं. म्हणजे एकाच कारणाने पाय सुजतात आणि चक्करही येते. त्या दोन महिन्यांत कुरडया-पापडाचं काम पहाटे सुरू करून नऊच्या आत आटोपायचं, तेही धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) एकटीने नाही. पाणी एकदम तांब्याभर पिण्यापेक्षा तासातासाला पेलाभर. उपवासात चहावर दिवस काढू नका. श्रावणात माझ्या वहीत सोमवारी हमखास दोन चकरा नोंदलेल्या असायच्या. आता सकाळीच भगर-आमटी खाते.

पाय आणि घर

पोटरीचे स्नायू म्हणजे पायांतलं रक्त वर ढकलणारा पंप, आणि उभं-स्थिर राहिलं की तो बंद. शिक्षक, कंडक्टर, शिंपी, चुलीपुढे तासन्‌तास बसणाऱ्या बायका, सगळ्यांचं तेच. मी फळ्यावर लिहिताना टाचा उचलते, दर अर्ध्या तासाला वीस वेळा. मधल्या सुट्टीत खुर्चीवर पाय. घरी आल्यावर भिंतीला गादी लावून पाय छातीच्या वर, २० मिनिटं. एसटीत लांबचा प्रवास असेल तर घोटे गोल फिरवत राहायचं.

घट्ट मोजे उपयोगी पडतात, पण मापाने घेतलेले आणि सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवलेले. मधुमेही, बिडी-सिगारेट ओढणारे, चालताना पोटरी आखडणारे यांनी पायांतला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते घालू नयेत. शिरांसाठी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचा असेल तर "उभं करून बघाल का?" असं विचारा. शिरेतली झडप गळते की नाही ते उभ्या पायात नीट दिसतं.

उठायचं तीन टप्प्यांत: कुशीवर, मग बसून मनात ३० अंक, मग उभं. अंधारी येतेय असं वाटताच मांड्या एकमेकींवर आवळून मुठी घट्ट दाबायच्या, नाहीतर सरळ खाली बसायचं. लाजायचं नाही. उकिडवं बसण्याच्या संडासात भिंतीला दांडा बसवून घ्या. हजारभर रुपयांत होतं, आणि पडण्यातून वाचलेलं खुब्याचं हाड त्याहून कितीतरी मोलाचं. न्हाणीची कडी आतून लावू नका. उन्हाळ्यात धाब्यावर झोपत असाल तर कडेला नाही, आणि रात्री एकट्याने शिडी उतरायची नाही. केळीला रात्रपाळीचं पाणी द्यायला जाणाऱ्यांनी विहिरीच्या काठाची कामं दुसऱ्यावर सोपवा. झटके चालू असतील त्या दिवसांत मोटरसायकल नको.

डॉक्टरांकडे जाताना

जाड फाईल नेऊ नका, म्हणजे न्या, पण तिच्यावर एक पान लावा: केव्हा सुरू झालं, वहीतले आडवे-उभे आकडे, औषधांची यादी, झालेल्या तपासण्या तारखेनिशी. ओपीडीत आपल्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात, ती या पानासाठी. आणि विचारा, "कोणते आजार नक्की नाहीत? काय बघायचं राहिलंय?" राहिलेल्यांत बहुतेकदा हे असतं: टीएसएच (थायरॉईडसाठी), बी१२ जीवनसत्त्व, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा; हिमोग्लोबिन ठीक असूनही तो कमी असू शकतो), लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन), सकाळचं कॉर्टिसोल (एक हार्मोन), २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचा ईसीजी). नंदुरबार-सातपुड्याकडच्या घरांत सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी झालेली नसेल तर तीही. सगळंच करा असं नाही, तुमच्या वहीतून जे दिसेल ते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे कान आणि मेडिसिन हे दोन्ही विभाग एका आवारात मिळतात. एकच डॉक्टर मुख्य ठेवा. दर महिन्याला नवा दवाखाना म्हणजे दर महिन्याला पुन्हा तोच ईसीजी.

"मनाचं आहे" म्हणतात तेव्हा

एकदा जोराची चक्कर येऊन गेली की मेंदूची तोल सांभाळणारी यंत्रणा कधी कधी पहाऱ्यावरच राहते. मूळ कारण गेलं तरी ती प्रत्येक हालचालीला दचकते. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा तोलाच्या चक्करेला २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी वेगळं नाव आणि निकष दिले: पीपीपीडी. हा आजार खरा असतो, नाटक नसतं. त्यावर उपाय आहेत: नजर एका ठिकाणी ठेवून डोकं हळूहळू हलवण्यासारखे तोलाचे व्यायाम, समुपदेशन, काहींना नैराश्यासाठी वापरतात ती औषधं. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. सुरुवातीला चक्कर थोडी वाढते, तिथे घाबरून सोडू नका. भीतीने घरातच बसलं की मेंदूला शिकायला काही मिळत नाही.

माझ्या सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी उतरवू दिल्या, त्यांच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. पण गोळ्या आणि वही चालूच ठेवली. नवरा म्हणायचा, "सगळं नॉर्मल आहे ना, मग?" त्याच्याशी वाद घालून थकले तेव्हा एका सकाळी त्यालाच बीपीचं यंत्र हातात दिलं. आडवं १२८, उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०२. त्याने आकडा दोनदा बघितला, स्टूल ओढून मला बसवलं, आणि त्या दिवसापासून पाण्याची मोटर चालू करायला तोच खाली उतरतो. मन फारच खचलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं.

आज माझी एकच गोळी उरली आहे. गरगरणं गेलं, अंधारी महिन्यातून दोन-तीनदा येते, सूज उन्हाळ्यात परत येते. त्या उरलेल्या भागाला अजून नाव मिळालेलं नाही. दर सहा महिन्यांनी त्याच डॉक्टरांकडे जाते, लक्षण बदललं असेल तरच तपासणी करतो, नाहीतर फक्त वही बघतो. सध्या तिसरी वही चालू आहे. काल रात्री डावा घोटा २३.५, उजवा २३. सकाळी दोन्ही २२.